मिलानला कयाक-कनूची जागतिक स्पर्धा, मुंबईत गुडघाभर पाणी: बघणाऱ्यांसाठी धागा

खाडीकाठचा | मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

काल कसाबसा घरी पोचलो आणि आज निघालोच नाही. मुलुंडला आमच्या गल्लीत दुपारी गुडघ्याच्या वर पाणी होतं. वॉचमनकाका खुर्चीत पाय वर घेऊन मोबाईल बघत होते आणि त्यांची एक चप्पल गेटकडून बिल्डिंगकडे स्वतःच्या मर्जीनं निघाली होती. मी लॅपटॉपवर जुन्या कयाक शर्यती लावून बसलो होतो. बायको म्हणाली, "खिडकीतून फुकट दिसतंय ते पाणी पुरत नाही का?"

कारण असं की उद्यापासून, म्हणजे २० ते २४ ऑगस्ट, मिलानला कनू स्प्रिंटची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे, सोबत पॅराकनूही (दिव्यांग खेळाडूंची). दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून इथे सगळेच सिसिलियन डिफेन्सवर बोलायला लागलेत, तेव्हा वल्ह्यांवर एक धागा चालून जावा.

आधी नेहमीचा घोळ मिटवतो. आपला दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला गेला ते रोइंग. त्यात खेळाडू पाठमोरा जातो आणि वल्ही नावेच्या बाजूला कड्यांत अडकवलेली असतात. इथे वल्हं फक्त हातात, नावेला कुठेच बांधलेलं नाही, आणि तोंड जायच्या दिशेला. कयाकमध्ये पाय पसरून बसतात, वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कनूत गुडघ्यांवर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं. के-वन, के-टू, के-फोर, सी-वन, सी-टू असं दिसलं की अक्षर नावेचं, आकडा माणसांचा. अंतरं २००, ५०० आणि १००० मीटर, शिवाय जागतिक स्पर्धेत ५०००. के-वन जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि कमीत कमी १२ किलो. म्हणजे नाव माणसाच्या तिप्पट लांब आणि तांदळाच्या अर्ध्या पोत्याहून हलकी.

स्पर्धा होतेय ते इद्रोस्कालो नावाचं तळं मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी खणलेलं आहे, १९३० सालचं. शेजारीच लिनाते विमानतळ. तसल्या विमानांचा जमाना सरला आणि तळं नावांना मिळालं. आपल्याकडे असतं तर भर घालून वर टॉवर उभा राहिला असता, नाव 'लेक व्ह्यू'.

मला याचं वेड कसं लागलं ते सांगतो. १९९८ साली पुण्यात शिकत असताना एका मित्रानं मला स्प्रिंटच्या के-वनमध्ये बसवलं. धक्क्याला हात धरून पाय आत घातले. नाव भाल्यासारखी, पाण्याला टेकते तिथे हातभरही रुंद नाही. मित्र म्हणाला, "आता हात सोड." सोडला. डावीकडे कललो, सावरायला उजवीकडे गेलो, आणि तिसऱ्या हेलकाव्याला नाकात पाणी. मुठेचं. चव पुणेकरांना विचारा. वर आलो तेव्हा मित्र हसत नव्हता. म्हणाला, "तीन हेलकावे? चांगलंय. मी पहिल्या दिवशी एकातच गेलो होतो."

त्या दिवसापासून ही माणसं टीव्हीवर त्या भाल्यावर बसून मिनिटाला शंभराच्या वर वल्ही मारताना दिसली की मला आधी ती बसलीयत कशी याचंच आश्चर्य वाटतं. वेगाचं नंतर.

मिलान आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे रात्रीची जागरणं नाहीत. या, लिहा.

---

गणित_कच्चं | १९ ऑगस्ट, रात्री ९.५२

पहिला प्रतिसाद माझा! धागा आवडला. बाळबोध शंका: कनूत एकाच बाजूला वल्हं मारतात ना? मग नाव गोल गोल का फिरत नाही? लहानपणी ठाण्याच्या तलावपाळीला भावानं एकट्यानं वल्हवलं होतं, आम्ही त्याच जागी भोवऱ्यासारखे फिरत होतो आणि आई काठावरून ओरडत होती.

---

खाडीकाठचा | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

बाळबोध नाही, मुद्द्याची शंका आहे. कनूला सुकाणूही नसतं (कयाकला असतं, ते पायानं फिरवतात). माणूस प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं किंचित वळवून पाणी बाहेर ढकलतो, म्हणजे फिरू पाहणारं नाळेचं (नावेच्या पुढच्या भागाचं) टोक परत जागेवर. हे प्रत्येक फटक्याला. हजार मीटरमध्ये शेकडो वेळा, आणि त्यात वेग जाऊ द्यायचा नाही. तुमच्या भावाला फक्त हेच जमलं नाही, बाकी तो तयार होता.

---

सुभेदार_निवृत्त | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

जय हिंद. धागा बघून बरं वाटलं. एक दुरुस्ती करतो, राग मानू नये. तुम्ही 'गुडघ्यांवर' लिहिलंय. स्प्रिंट कनूत गुडघा एकच टेकतात. ज्या बाजूला वल्हं त्याच बाजूचा गुडघा खाली, दुसरा पाय पुढे, तळवा सपाट. मी उजव्या हाताचा, म्हणून उजवा गुडघा. आज पंचवीस वर्षं झाली, पाऊस लागला की तोच बोलतो. काल-आज तर भाषण देतोय.

गुडघ्याखाली फोमचा ठोकळा असतो, स्वतःच्या गुडघ्याच्या मापाचा कापून घ्यायचा. दुसऱ्याचा ठोकळा वापरणं म्हणजे दुसऱ्याची कवळी घालणं. सुरुवातीचे महिनाभर पाय इतका बधिर व्हायचा की नावेतून उतरल्यावर धक्क्यावर बसून तो चापट्या मारून जागा करावा लागे. उस्ताद म्हणायचे, पाय झोपलाय तर झोपू दे, तू जागा राहा.

आणि वारा. वारा समोरून आला तर सगळ्यांना सारखाच. बाजूचा आला की मग मजा. एकाच तलावात, एकाच शर्यतीत डाव्या हाताचा हसतो आणि उजव्या हाताचा रडतो. कयाकवाल्यांना हे दुःख नाही, त्यांना सुकाणू आहे. आम्ही त्यांना 'खुर्चीवाले साहेब' म्हणायचो.

---

खाडीकाठचा | १९ ऑगस्ट, रात्री १०.४८

सुभेदारसाहेब, दंडवत! दुरुस्ती मान्य. धागा तुमच्या ताब्यात दिला असं समजा.

---

पार्ल्याची_मीना | बुधवार, २० ऑगस्ट, सकाळी ११.२०

मला यातलं शून्य कळतं, पण गेल्या वर्षी पॅरिसची बायकांची एक शर्यत चुकून बघितली होती आणि हातातला चहा गार झाला. २०० मीटर. दोघी एकदम पोचल्या आणि पुढे काही क्षण दोघींनाही कळेना कोण जिंकलं. ती कुठली?

---

खाडीकाठचा | २० ऑगस्ट, दुपारी १२.१५

मीनाताई, ती सी-वन २०० मीटरची अंतिम शर्यत. कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२ सेकंद, अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन ४४.१३. सेकंदाचा शंभरावा भाग. हॅरिसन टोकियोची विजेती होती, आणि बायकांची कनू ऑलिम्पिकमध्ये आली तीच मुळी टोकियोला. पुरुषांची १९३६ पासून आहे. १९४८ पासून बायका कयाकमध्ये चालत होत्या, कनूत नव्हत्या.

निकाल नाळेच्या टोकावर लागतो, डोक्यावर किंवा हातावर नाही. म्हणून शेवटच्या फटक्याला काही जण नाव अक्षरशः ढुंगणाखालून पुढे फेकतात. फोटोतही फरक सापडला नाही तर? रिओत के-वन २०० मध्ये स्पेनचा क्राविओतो आणि जर्मनीचा राउहे, दोघांनाही कांस्य दिलं होतं.

पण नाव ओळीपलीकडे जाताना त्यात माणूस पाहिजे. हसू नका. २०१४ ला मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलचा इसाकियास केरोझ सी-वन हजारमध्ये पहिला होता. शेवटची रेषा समोर, चार-दोन फटके राहिलेले, आणि तो पाण्यात पडला. बाकीचे शेजारून निघून गेले. दोन वर्षांनी त्यानंच घरच्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन पदकं घेतली आणि टोकियोत याच हजारचं सुवर्ण. एकाच मूत्रपिंडावर जगणारा माणूस आहे. पॅरिसलाही रौप्य.

---

पार्ल्याची_मीना | २० ऑगस्ट, दुपारी १२.४०

अरे देवा. तो पडला तो व्हिडिओ बघितला. मला त्याच्या आईचंच वाटलं.

---

अभिमानी_मावळा | २० ऑगस्ट, दुपारी २.०५

सगळं ठीक, पण या परदेशी नावांचं कौतुक कशाला? कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांना चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वल्ही असायची, इंग्रज-पोर्तुगीज थरथरायचे. आमच्या रक्तातच दर्यावर्दीपण आहे. मुंबईच्या कोळीवाड्यातली पोरं जन्मल्यापासून पाण्यात. त्यातली वीस उचला, या डबड्या नावांत बसवा, पुढच्या ऑलिम्पिकला सुवर्ण नक्की. सरकारला इच्छाच नाही.

---

गणित_कच्चं | २० ऑगस्ट, दुपारी २.२०

आरमार आलं म्हणजे धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नाळेवरची | २० ऑगस्ट, दुपारी ४.३५

मावळेदादा, कोळीवाड्यातली आहे म्हणून लिहिते. वर्सोवा. घरात तीन पिढ्या तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान.

"उचला आणि बसवा" वाचून हसावं की रडावं कळेना. आम्ही काय सुरमई आहोत? परवा नारळी पौर्णिमा झाली, सगळ्या चॅनेलवाल्यांनी आम्हाला नऊवारी नेसवून नाचवलं, आता ऑलिम्पिकलाही आम्हीच.

पहिलं म्हणजे आमची पोरं आता वल्हवत नाहीत. माझ्या आजानं वल्हवलं. माझ्या बापानं इंजिन लावलं. माझ्या भावाच्या हातात डिझेलचा पाइप, जीपीएस आणि बँकेचं पासबुक. छोट्या होडीला वल्हं असतं ते मोठ्या बोटीपर्यंत जायला आणि चिखलात रुतलं तर रेटायला. वल्हव म्हटलं तर वल्हवतील, पण तुम्ही गावचे म्हणून रोज नांगर धरता का?

दुसरं. आजाचं वल्हवणं मी पाहिलंय. तो उभा राहून वल्हवायचा, डोळे वल्ह्यावर कधीच नसायचे. लाट कुठून फुगतेय, ओहोटी कधी सुरू होईल, खाडीच्या तोंडाशी पाणी कसं ओढतंय, हे बघायचा. त्याला घाई नव्हती. घाई करणारा समुद्रात दमतो आणि दमलेला मरतो. आता हजार मीटर सरळ रेषेत, सपाट पाण्यावर, जीव जाईस्तोवर हाणायचं, हे वेगळंच काम आहे. आजाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, मासे कुठेत त्या टोकाला?

तिसरं. आमची होडी पोटानं रुंद, तळकोकणात तर उलांडी (बाजूला बांधलेला लाकडी आधार) लावतात, कारण ती पालथी होऊ नये हेच तिचं काम. ही तुमची के-वन पालथी व्हायलाच टपलेली. समुद्रावर वाढलेल्या पोराला तिच्यात बसवलं की तो तुमच्या धागाकर्त्याइतकेच हेलकावे खाणार. कदाचित चार.

पाणी येणं वेगळं, नाव येणं वेगळं, आणि शर्यत येणं त्याहून वेगळं. पोर पाण्याला भीत नाही एवढाच काय तो फायदा. बाकी सपाट पाणी, नाव, शिकवणारा आणि रोज सकाळी पाच वाजता यायला घरच्यांचा होकार, हे सगळं पुण्या-भोपाळच्या पोरालाही लागतं आणि आमच्याही.

(या आठवड्यात वादळी वाऱ्यानं होड्या परत किनाऱ्याला लागल्यात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून तीन आठवडे नाही झाले. ज्यांना कोळ्यांचा अभिमान आहे त्यांनी जरा या विषयावरही लिहावं.)

---

सुभेदार_निवृत्त | २० ऑगस्ट, सायंकाळी ५.१०

ताई, सलाम. यातला एक-एक शब्द खरा. आमच्याबरोबर समुद्रकाठची दोन पोरं होती, पोहायला मासे. नावेत बसली की पहिला महिना आमच्याइतकीच पाण्यात. फरक एवढाच की ती हसत पडायची आणि आम्ही देशावरचे ओरडत.

---

अभिमानी_मावळा | २० ऑगस्ट, सायंकाळी ५.४५

ताई, माझा हेतू अपमानाचा नव्हता. पण मणिपूरच्या त्या मुलाचं काय मग? तो मासेमाराचाच मुलगा ना?

---

खाडीकाठचा | २० ऑगस्ट, रात्री ८.३०

मावळेसाहेब, हा मुद्दा बरोबर काढलात. सुनील सिंग सलाम, मणिपूरचा, लोकटाक सरोवराकाठच्या मोइरांगचा. वडील मासेमार. उत्तराखंडातल्या रुडकीच्या अर्जुन सिंगबरोबर त्यानं हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३ ऑक्टोबर २०२३ ला सी-टू हजारमध्ये कांस्य घेतलं. ३ मिनिटं ५३.३२९ सेकंद. पुढे उझबेकिस्तान आणि कझाकस्तान. आशियाई स्पर्धेत भारताला या खेळात त्याआधी एकच पदक होतं, १९९४ हिरोशिमा, तेही कांस्य आणि तेही याच शर्यतीत: सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल. मध्ये एकोणतीस वर्षं.

पण नाळेवरची म्हणतात तेच इथेही लागू. लोकटाक म्हणजे सपाट पाणी. वडिलांची डोंगी म्हणजे अरुंद, एका वल्ह्याची. त्याचं बालपण आणि त्याची शर्यत यांच्यात पाऊलभर अंतर होतं. वर्सोव्यापासून ते अंतर मोठं आहे.

---

सांगलीकर_डोंबिवलीत | २० ऑगस्ट, रात्री १०.१५

शर्यत म्हटलं की आम्हाला कृष्णाच आठवणार. पावसाळ्यात नदी दुथडी असताना आमच्याकडे होड्यांच्या शर्यती लागतात. लांबलचक होडी, दोन्ही बाजूला वल्हेकरी, काठावर हलगी, पुलावर पाय ठेवायला जागा नाही. माझे मामा एका वर्षी तिसऱ्या वल्ह्यावर होते. शर्यत झाल्यावर घरी आले तेव्हा तळहाताची कातडी सोलून लोंबत होती, मामीनं हळद-तेल लावलं आणि मामा हात वर धरून जेवले, मामीनं भरवलं. गावात सगळ्यात लाजाळू माणूस, आणि त्या रात्री वाड्यातल्या पंधरा बायकांसमोर बायकोच्या हातनं भात खात होता. त्याला काही वाटलं नाही. जिंकले होते.

केरळात नेहरू ट्रॉफी असते अळप्पुळाला, १९५२ पासून, सर्पनौकेत शंभराच्या वर माणसं. ती टीव्हीवर बघितलीय. पण मामांच्या होडीची सर नाही. (पक्षपाती आहे, मान्य.)

---

गणित_कच्चं | २० ऑगस्ट, रात्री १०.३०

मामांना +१००.

---

पवईकर_बाराव्या_मजल्यावरून | गुरुवार, २१ ऑगस्ट, सकाळी ९.१०

मुंबईत सपाट पाणी हवं ना? माझ्या खिडकीतून दिसतंय. पवई! एकशे तीस-पस्तीस वर्षं जुना तलाव, पिण्याला वापरत नाहीत, म्हणजे त्या बाजूनं कोणाची हरकत नाही. घ्या स्पर्धा.

---

सुभेदार_निवृत्त | २१ ऑगस्ट, सकाळी ९.४०

साहेब, मगरी.

---

पवईकर_बाराव्या_मजल्यावरून | २१ ऑगस्ट, सकाळी ९.४२

त्या काही करत नाहीत हो.

---

नाळेवरची | २१ ऑगस्ट, सकाळी ९.५५

"त्या काही करत नाहीत" हे बाराव्या मजल्यावरून लिहिलेलं वाक्य आहे.

---

खाडीकाठचा | २१ ऑगस्ट, दुपारी १.२०

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). ऑफिसात आहे, साहेब बघतायत.

मगरी सोडा, जलपर्णी बघा. पातं पाण्यात घातलं की हिरवी शेपटी बरोबर येणार. आणि नियमाप्रमाणे नऊ लेन, प्रत्येक नऊ मीटर, म्हणजे ८१ मीटर रुंद मोकळं पाणी, हजार मीटर शर्यत, वर सुटायला आणि थांबायला जागा, सगळीकडे पुरेशी आणि सारखी खोली. खोली कमी असेल त्या लेनमध्ये नाव जड चालते. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी हे तळं खणूनच काढतात. आपल्याकडे पुण्याला सीएमईत (लष्कराच्या अभियांत्रिकी कॉलेजात) लष्करानं रोइंगसाठी खणलाय तसा कालवा.

समुद्र तर विचारूच नका. उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. सकाळी लेन टाका, दुपारी चिखलात.

---

भोपाळची_माहेरवाशीण | २१ ऑगस्ट, दुपारी ३.३०

आता माझी पाळी. माहेर भोपाळचं, आजोबा नोकरीनिमित्त तिकडे गेले ते तिकडचेच झाले. घराच्या गच्चीतून बडा तालाब दिसतो. हिवाळ्यात पहाटे धुक्यात काही दिसत नाही, फक्त 'चप्प-चप्प' आवाज आणि मध्येच कोच मोटरबोटीतून ओरडतो. मग एकदम धुक्यातून नाळ बाहेर येते. आई स्वेटर दोन घालून चहा पिते आणि ती मुलं बनियनवर.

तिथेच प्राची यादव सराव करायची. ग्वाल्हेरची. टोकियोला पॅराकनूत उतरलेली पहिली भारतीय, अंतिम फेरीत गेली. पुढे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण आणि दुसऱ्या प्रकारात रौप्य. आईला तिचं नाव आधी माहीत नव्हतं, 'वो लाल बोट वाली' म्हणायची. पदकं आल्यावर पेपरात फोटो बघून फोन केला मला, "अगं, आपली लाल बोटवाली!"

आणि योगायोग बघा, मिलानची स्पर्धा चालू असतानाच आजपासून श्रीनगरला दल सरोवरावर पहिला खेलो इंडिया जलक्रीडा महोत्सव सुरू झालाय. त्यात कयाकिंग-कनोइंग आहे, आणि शिकाऱ्यांची शर्यतही, प्रदर्शनापुरती. मी शिकाऱ्याची बघणार.

---

पार्ल्याची_मीना | २१ ऑगस्ट, दुपारी ४.१०

भोपाळच्या आईंना नमस्कार. मला एक सांगा, या खेळात वय किती चालतं? माझी ५६ पूर्ण झाली. सहज विचारतेय.

---

खाडीकाठचा | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

मीनाताई, बिर्गिट फिशर. पूर्व जर्मनी, नंतर एकत्र जर्मनी. पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण १९८० मॉस्को, वय १८. शेवटचं २००४ अथेन्स, वय ४२. आठ सुवर्ण, चार रौप्य, मध्ये दोन मुलं आणि १९८४ चा बहिष्कार. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननं पॅरिसला तीन जिंकून आठाची बरोबरी केली. म्हणजे तुम्हाला उशीर झालाय, पण फार नाही.

---

गणित_कच्चं | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

मी काल जरा बघितलं. प्राथमिक फेऱ्या होत्या. पण कयाकवाल्यांचं वल्हं चमच्यासारखं वाकडं का असतं? आणि ती माणसं हातानं ओढतायत असं वाटतच नाही, सगळं अंगच फिरतंय.

---

सुभेदार_निवृत्त | २१ ऑगस्ट, रात्री ८.५०

नजर चांगली आहे तुमची. ते पातं १९८० च्या दशकात स्कँडिनेव्हियातून आलं. सपाट पातं सरळ मागे ओढलं की कडेनं पाणी निसटतं. हे वाकडं पातं मागे न ओढता थोडं बाहेरच्या अंगाला सरकवायचं, विमानाच्या पंखासारखं ते पाण्यात पकड घेतं. नवख्याच्या हातात दिलं तर ते त्यालाच पाण्यात घेऊन जातं.

आणि हात नाहीच. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात, कमरेशी आलं की बाहेर. त्याच बाजूच्या पायानं पुढची फळी ढकलायची, कंबर फिरते, खांदा फिरतो, हात नुसता दोरीसारखा. टीव्हीवर खांदे बघू नका, गुडघे बघा. सायकलसारखे वरखाली होताना दिसतील. ज्याचे गुडघे थांबले तो संपला, मग तोंड कितीही वाकडं करो.

नावेचंही सांगतो. पूर्वी नियमात के-वनची कमीत कमी रुंदी ५१ सेंटिमीटर होती. कारागीर हुशार, ती रुंदी पाण्याच्या वर ठेवायचे, दोन्ही बाजूंना कान काढल्यासारखी, आणि खाली नाव निमुळती. सिडनी ऑलिम्पिकनंतर ती अटच काढून टाकली, कान गेले. आता पोर्तुगालची नेलो वगैरे कंपन्यांच्या कार्बनच्या नावा येतात, एकेक लाखांत. आमच्या वेळी एक नाव चार जण वाटून घ्यायचो आणि तडा गेला की रात्री रेझिन लावत बसायचो. हाताला तो वास आठवडाभर.

एक घरगुती परीक्षा सांगतो, उस्तादांनी आम्हाला दिलेली. जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या. त्याच्याखाली मधोमध, लांबीच्या दिशेनं लाटणं ठेवा. वर बसा, पाय पुढे, टाचा जमिनीवर टेकवून, पण पाट जमिनीला लागता कामा नये. हातात झाडू आडवा धरा आणि वल्हवा. आजूबाजूला काही फुटण्यासारखं नको. पंधरा सेकंद जमलं तर तुम्हाला नाव दाखवायला हरकत नाही.

---

खाडीकाठचा | २१ ऑगस्ट, रात्री ९.०५

सुभेदारसाहेब, हे तुम्ही १९९८ साली का नाही सांगितलंत!

शनिवार-रविवारच्या अंतिम शर्यती सोडू नका. शेवटच्या दिवशी ५००० मीटर बघा. त्यात सगळे एकदम सुटतात, लेन नाहीत, वळणावर वल्ह्यांना वल्ही लागतात, आणि पुढच्याच्या लाटेवर बसून फुकट जायची मुभा असते. हजारपर्यंत तसं केलं तर बाद. थोडक्यात, सकाळची विरार लोकल.

---

पार्ल्याची_मीना | २१ ऑगस्ट, रात्री ९.४०

लाटणं मिळालं, पाट माळ्यावर आहे. मुलगा काढून देत नाहीये, कारण विचारतोय.

---

नाळेवरची | २१ ऑगस्ट, रात्री १०.२०

भाऊ पाटावर बसला. तांडेल माणूस, समुद्रात उभ्या लाटेत भजी खातो. सहा सेकंद. आता म्हणतोय लाटणं सरळ नाही.

---

पवईकर_बाराव्या_मजल्यावरून | २१ ऑगस्ट, रात्री १०.४५

दोन. टाइल्स गुळगुळीत आहेत हो.

---

पार्ल्याची_मीना | शुक्रवार, २२ ऑगस्ट, सकाळी ७.५०

पाट निघाला. मी चार सेकंद. मुलगा तीन. सासूबाई, वय ८१, "हे काय लावलंय" म्हणत बसल्या, झाडू नको म्हणाल्या, पोळपाट मांडीवर घेतला आणि अकरा सेकंद बसल्या. आता उठायला तयार नाहीत. सुभेदारसाहेब, पुढे काय करायचं?